अंत्युखियाची मंडळी

अंत्युखियाची मंडळी : रोमन साम्राज्याच्या सिरिया प्रांतातील अंत्युखिया (अँटिऑक, आजचे तुर्कस्तानातील अंताक्या) येथे इ.स. ४० च्या सुमारास आकाराला आलेला ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय. यहूदी आणि यहूदीतर एकाच मंडळीत आल्याचे पहिले ठळक उदाहरण येथले. ख्रिस्ती धर्मप्रसारक पौल याचे सुवार्ताप्रवास (धर्मप्रसारासाठीचे प्रवास) येथूनच सुरू झाले.

चंद्रगुप्त मौर्याशी तह करणाऱ्या सेल्युकस निकेटरने इ.स.पू. ३०० मध्ये ओरोंटीस नदीकाठी हे शहर वसवले. रोमन काळात रोम आणि अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल त्याचा क्रम लागे. ग्रीक, सिरियन, यहूदी अशी सरमिसळ वस्ती, जवळच सेल्युकिया बंदर आणि पूर्वेकडून येणारे व्यापारी रस्ते यांमुळे नवी गोष्ट येथे चटकन पोचे आणि तितक्याच चटकन पुढे जाई.

यरुशलेमेत स्तेफन या येशूच्या अनुयायाला दगडमार करून मारल्यावर तेथील विश्वासणारे पांगले. काही अंत्युखियापर्यंत आले. बहुतेक जण फक्त यहूद्यांशीच बोलत; पण कुप्र (सायप्रस) आणि कुरेने येथल्या काहींनी ग्रीकांनाही येशूची सुवार्ता सांगितली, असे बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात आहे. ख्रिस्ती धर्मप्रसाराला एवढे मोठे वळण देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिथे नाही. त्यांना कोणी नेमून पाठवले नव्हते. ते छळातून निसटलेले लोक होते. पुढे मिशनकार्याचा इतिहास मोठ्या नावांभोवती लिहिला गेला, म्हणून ही सुरुवात मुद्दाम ध्यानात ठेवावी लागते.

बातमी कळताच यरुशलेमेच्या मंडळीने बर्णबाला चौकशीसाठी पाठवले. त्याने काम थांबवले नाही, की एकट्याच्या हाती ठेवले नाही. तार्सला जाऊन शौलाला (पौलाला) शोधून आणले. दोघांनी वर्षभर शिकवले. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव याच शहरात प्रथम मिळाले. रोमन सम्राट क्लौद्य कैसर याच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा या नव्या मंडळीने ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून यहूदीयातील बांधवांना मदत धाडली.

मंडळीतील शिक्षकांची यादी बोलकी आहे : कुप्रचा, लेवी वंशातला बर्णबा, निगर म्हटलेला शिमोन, कुरेनेचा लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि पूर्वी विश्वासणाऱ्यांचा छळ करणारा शौल. उपास व प्रार्थना करून मंडळीने यांतल्या बर्णबा आणि शौल यांच्यावर कामगिरी सोपवण्याची खूण म्हणून हात ठेवले आणि त्यांना रवाना केले. म्हणजे मंडळीने बाहेर धाडले ते आपले मुख्य शिक्षकच. कुप्र, पिर्गा, पिसिदियातील अंत्युखिया, इकुन्या, लुस्त्र, दर्बे असा हा प्रवास झाला. लुस्त्रात लोकांनी आधी त्यांना देव मानून बैल बळी द्यायला आणले आणि नंतर पौलाला दगडमार केली. तरी परतताना ते त्याच गावांतून आले, प्रत्येक मंडळीत वडील (मंडळीचे पुढारी) नेमले आणि अंत्युखियात सगळ्यांना जमवून झालेल्या कामाचा वृत्तांत दिला.

खरी कसोटी मात्र घरातच लागली. यहूदीतरांनी सुंता करून घ्यावी की नाही, हा वाद यरुशलेमेच्या सभेत (सु. ४९) गेला आणि सुंतेची सक्ती नाही असे ठरले. पौलाच्या गलतीकरांस पत्रात आणखी एक प्रसंग आहे. अंत्युखियात येशूचा प्रमुख शिष्य पेत्र यहूदीतरांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली तेव्हा तो पंक्तीतून मागे सरला, बर्णबाही त्याच्यामागे गेला आणि पौलाने पेत्राला सर्वांदेखत जाब विचारला. कोणाबरोबर जेवावे यावरून धर्माचे मर्म पणाला लागते, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. ‘प्रेषितांची कृत्ये’ या भांडणाविषयी गप्प आहे. पेत्राने ऐकले असे पौलही कुठे म्हणत नाही. हे पत्र खुद्द त्या वादात असलेल्याचे, तर ‘कृत्ये’ काही दशकांनी लिहिलेले. त्यामुळे पत्राची साक्ष अधिक वजनाची मानावी लागते. पौल-बर्णबाची जोडीही पुढे फुटली, पण तिथे ‘कृत्ये’ कारण देते ते वेगळे : पहिल्या प्रवासातून अर्ध्यावर परतलेल्या मार्क या सोबत्याला पुन्हा बरोबर न्यावे की नाही.

फिरत्या प्रचारकांचा व्यवहार कसा असे, हे ‘डिडाखे’ या प्राचीन नियमपुस्तिकेवरून कळते. तिचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले. अनेक अभ्यासक तिचा उगम सिरियात मानतात. तिच्यानुसार आलेल्या प्रेषिताचे स्वागत प्रभूप्रमाणे करावे. मात्र त्याने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही, तर तो खोटा संदेष्टा. निघताना भाकरीपलीकडे पैसे मागितले, तरीही खोटाच. कायम राहू इच्छिणाऱ्याला धंदा येत असेल तर त्याने काम करून पोट भरावे. श्रद्धाळूंना फसवणारे तेव्हाही होते, हे या नियमांवरून उघड दिसते.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी मंडळीची सूत्रे बिशपाकडे होती. येथला बिशप इग्नेशियस याला ट्राजन सम्राटाच्या काळात रोमला नेऊन ठार मारण्यात आले. वाटेत त्याने लिहिलेली सात पत्रे उपलब्ध आहेत. आज पाच पूर्वेकडील चर्चांचे प्रमुख ‘अंत्युखियाचे कुलगुरू’ (पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुख) ही पदवी लावतात. त्यांपैकी सिरियन ऑर्थोडॉक्स कुलगुरूंना केरळातील याकोबी ख्रिस्ती आपले सर्वोच्च धर्मगुरू मानतात. पाचांपैकी एकाचेही पीठ आता अंताक्यात नाही.