तांबं सुटतं तेव्हा

तांब्याच्या भांड्यात आंबट काही राहिलं की ते कळकतं. भांड्यावर येणाऱ्या हिरव्या-निळ्या थराला आपल्याकडे जुना शब्द आहे जंगाल. आम्ल व्हिनेगरमधलं, म्हणजे अ‍ॅसिटिक असेल, तर या थरात मुख्यतः तांब्याची अ‍ॅसिटेटं असतात. गंमत अशी की तांबं नुसत्या व्हिनेगरात पूर्ण बुडवून ठेवलं तर फारसं काही घडत नाही. त्याला हवा लागते. आधी ऑक्सिजन तांब्याला गाठतो, मग आम्ल त्याला पळवून नेतं. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात अठराव्या शतकात बायका घरच्या तळघरात हाच धंदा करत. तांब्याचे पत्रे आणि आंबत घातलेला द्राक्षांचा चोथा यांचे थर रचायचे, आणि पत्र्यावर धरलेलं हिरवं खरवडून रंगवाल्यांना विकायचं.

या जंगालाचं शुद्ध, स्फटिकी रूप म्हणजे कॉपर अ‍ॅसिटेट. बाटलीत ते गडद निळसर हिरवं दिसतं, झाकण उघडलं की व्हिनेगरचा पुसट वास येतो. थंड पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ७ ग्रॅम विरघळतं, गरम पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्फटिकातलं पाणी निघून जातं आणि आणखी तापवलं, २४० अंशांच्या पुढे, की रेणूच मोडतो. या तापवण्यातून निघणाऱ्या वाफा थंड करून किमयागार तीव्र अ‍ॅसिटिक आम्ल मिळवत.

मला या संयुगात सगळ्यात आवडतं ते त्याचं चुंबकत्व. तांब्याच्या प्रत्येक आयनात, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूत, एक इलेक्ट्रॉन एकटा, जोडीदाराविना असतो. असे पदार्थ चुंबकाकडे किंचित ओढले जातात, आणि जितकं थंड करावं तितकी ही ओढ वाढते. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तसंच वागतं. कॉपर अ‍ॅसिटेट मात्र उणे १८ अंशांच्या आसपास कळस गाठतं आणि त्याखाली त्याची ओढ कमी होत जाते. १९५२ मध्ये ब्लीनी आणि बॉवर्स या भौतिकशास्त्रज्ञांनी याचा अर्थ लावला: तांब्याचे आयन इथे एकेकटे नाहीत, जोडीजोडीने आहेत, आणि गारठा वाढला की जोडीतले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना रद्द करतात. पुढच्याच वर्षी व्हान नीकर्क आणि शूनिंग यांनी क्ष-किरणांनी स्फटिक तपासला, तर जोड्या खरोखरच होत्या. तांब्याचे दोन आयन शेजारी आणि त्यांना चार बाजूंनी धरून ठेवणारे चार अ‍ॅसिटेट, पाणचक्कीच्या पात्यांसारखे. दोन्ही आयनांमधलं अंतर धातूच्या तांब्यात शेजारच्या अणूंमध्ये असतं त्याहून जेमतेम जास्त.

पण ही पकड स्फटिकापुरती. पाण्यात टाकलं की अ‍ॅसिटेट हात सैल करतात आणि तांबं मोकळं सुटतं. धोका आहे तो या मोकळ्या तांब्याचा. संयुगात कार्बन आहे म्हणून त्याला सेंद्रिय म्हणतात खरं, पण सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथे साफ चुकतो. शरीराला तांबं लागतं, पण किती? प्रौढ माणसाला दिवसाला ०.९ मिलिग्रॅम. चिमूटभर, समजा अर्धा ग्रॅम, कॉपर अ‍ॅसिटेटमध्ये जवळपास १६० मिलिग्रॅम तांबं असतं. पोटात गेलं तर मळमळ, उलटी आणि पोटदुखी होते. मात्रा मोठी असेल तर यकृत आणि मूत्रपिंडांवर घाला येतो. डोळ्यात गेलं तर इजा गंभीर होऊ शकते, म्हणून ही पूड हाताळताना संरक्षक चष्मा हवाच. आणि पाण्यातल्या जिवांचं तर विचारूच नका. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटना लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालवून घेते. मासे त्याच्या कितीतरी खाली हैराण होतात, कारण तांबं त्यांच्या कल्ल्यांतून सोडियम आत घेण्याची वाटच अडवतं.

आता याच्या शेजारी कॉपर थॅलोसायनिन ठेवा. यातही तांबं आहे, यातही कार्बन आहे. पण इथे चार नायट्रोजन अणूंनी तांब्याला एका कड्याच्या मधोमध असं जखडलेलं असतं की पाणी आणि सौम्य आम्लं त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. छपाईच्या शाईतला तो चकचकीत निळा रंग बहुतेकदा याचाच. शस्त्रक्रियेत वापरायच्या निळ्या टाक्यांच्या धाग्यातही तो चालतो. तेव्हा ‘तांब्याचं संयुग आहे का?’ या प्रश्नाने काहीच कळत नाही. ते तांबं सोडतं का, हे विचारावं.

विकत घेताना मात्र नावावर विसंबू नये. एकाच नावाखाली तीन वस्तू येतात. पाणी धरलेला सजल प्रकार, ज्यात ३१.८ टक्के तांबं. निर्जल प्रकार, ज्यात ३५ टक्के. आणि जंगाल म्हणून मिळणारं बेसिक, म्हणजे आम्लारिधर्मी, अ‍ॅसिटेट, ज्याचं प्रमाण ठरलेलं नसतं. निर्जलाच्या जागी तेवढ्याच वजनाचं सजल घातलं तर तांबं ९ टक्के कमी पडतं, आणि प्रयोग का फसला हे शोधण्यात दिवस जातो. रंग बनवणाऱ्याला औद्योगिक दर्जा पुरतो. शर्करा ओळखण्याच्या बारफोड चाचणीसाठी किंवा उत्प्रेरक म्हणून वापरायचं असेल तर विश्लेषणाच्या दर्जाचं घ्यावं. माहितीपत्रक वाचलं नाही तरी एक गोष्ट लक्षात असू द्या: अ‍ॅसिटिलीन वायूपासून याला दूर ठेवायचं, कारण तांबं आणि अ‍ॅसिटिलीन मिळून धक्क्याने फुटणारे पदार्थ होऊ शकतात.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये तांब्याची तार टाकून हे घरी करून बघणारे पुष्कळ आहेत. प्रयोग सुंदर आहे, स्फटिकही देखणे येतात. फक्त बरणी जेवणाची नको, तिच्यावर नाव हवं, आणि उरलेलं निळं पाणी मोरीत ओतायचं नाही. त्यात लोखंडाचा खिळा टाकला तर थोड्या वेळात खिळ्यावर लालसर थर चढतो: लोखंड विरघळत जातं आणि तांबं पुन्हा धातू होऊन बसतं. तरीही थोडं तांबं पाण्यात उरतंच. म्हणून ते पाणी बाटलीत भरून, नाव लिहून, रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावं.