प्रवाळाच्या टाकीचा दिवा घरी बांधताना

खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: किती वॉटचा लाईट घेऊ? वॉटवरून दिवा वीज किती खातो ते कळतं. लुमेनवरून माणसाच्या डोळ्याला तो किती प्रखर वाटेल ते कळतं. प्रवाळाला या दोन्हींशी काही देणंघेणं नाही. त्याच्या पेशींत झूझान्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशसंश्लेषण करून साखर बनवतं आणि तिच्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. या शैवालावर दर सेकंदाला उपयोगी रंगाचे किती फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पडतात, यावर टाकी जगणार की नाही ते ठरतं.

उपयोगी रंग म्हणजे मुख्यतः निळा. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे. तिथली प्रवाळं वीस मीटर आणि त्याहून खोल पाण्यात वाढतात. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं, खाली पोचतो तो निळा. शैवालाने आपली रंगद्रव्यंही तशीच जमवली आहेत: क्लोरोफिल-ए ४४० नॅनोमीटरच्या आसपास, क्लोरोफिल-सी ४६०च्या आसपास आणि पेरिडिनिन त्याच्या पुढे हिरव्याच्या हद्दीपर्यंत प्रकाश पकडतं. म्हणून ४५० नॅनोमीटरचा ‘रॉयल ब्लू’ एलईडी हा या दिव्याचा कणा. आपला डोळा या रंगाला ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी रंगाच्या जेमतेम चार टक्के प्रतिसाद देतो. त्यामुळे प्रवाळाला भरपूर असलेला उजेड आपल्याला मिणमिणता वाटतो आणि मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप इथे साफ फसवतं.

आता हिशेब. टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच धरू. पाणी सुमारे १२५ लिटर, वरचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. दगडी सांगाडा न बांधणाऱ्या मऊ प्रवाळांना दर चौरस मीटरला, दर सेकंदाला ५० ते १५० मायक्रोमोल (कण मोजायचं एकक) फोटॉन पुरतात. ४५० नॅनोमीटरच्या एक वॉट उजेडात सुमारे पावणेचार मायक्रोमोल फोटॉन असतात. चांगल्या बनावटीचा ‘३ वॉट’चा एलईडी ५०० मिलिअँपवर चालवला तर तो सुमारे १.६ वॉट वीज घेतो आणि तिच्यातली ४५ टक्के उजेड म्हणून बाहेर देतो. म्हणजे एका एलईडीमागे २.७ मायक्रोमोल, चोवीस एलईडींचे ६५. त्यातले निम्मे काच, पाणी आणि टाकीबाहेर वाया गेले तरी चौरस मीटरमागे ११५ उरतात. एलईडींची एकूण वीज चाळीस वॉटच्या आत. बाजारात याच टाकीसाठी दीडशे वॉटचे दिवे गळ्यात मारले जातात, तेही ‘फुल स्पेक्ट्रम’ असं लिहून. तरंगलांबीचा आलेख मागा. तो नसेल तर त्या दोन शब्दांना काही अर्थ नाही.

जास्त उजेड दिला तर बिघडतं काय? ऊस आणि प्रवाळ यांच्यातला फरक इथे बघण्यासारखा आहे. कृष्णाकाठचा ऊस भर दुपारच्या, दोन हजार मायक्रोमोलच्या उन्हातही वाढीव उजेड कामाला लावू शकतो. झूझान्थेलीचं काम त्याच्या कितीतरी आधी भरतं. फोटॉनने क्लोरोफिलमधला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उचलला की तो पुढच्या रेणूकडे, तिथून त्याच्या पुढच्याकडे सरकतो, आणि साखळीच्या शेवटी कार्बन डायऑक्साइडपासून साखर होते. शेवटची पायरी संथ आहे. मागून फोटॉन येतच राहिले तर साखळी तुंबते. जादा ऊर्जेतली काही उष्णता होऊन निघून जाते, पण उरलेली ऑक्सिजनला चिकटली की त्याची विध्वंसक रूपं तयार होतात. फोटोसिस्टिम-२ या प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतलं डी-१ नावाचं प्रथिन सगळ्यात आधी मोडतं. ते रोजच मोडतं आणि पेशी रोजच नवं बसवते. मोडण्याचा वेग बसवण्याच्या वेगापुढे गेला की खरं नुकसान सुरू होतं. पाणी तापलं की ही दुरुस्तीच मंदावते, म्हणजे काल सोसलेला उजेड आज तेवढाच असूनही जास्त ठरतो. शेवटी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. यालाच विरंजन म्हणतात. म्हणून नवा दिवा ३०-४० टक्क्यांवर सुरू करायचा आणि आठवड्याला पाच-दहा टक्क्यांनी वाढवायचा. मशरूम जातीची प्रवाळं देठ ताणून वर उचलली जात असतील तर उजेड कमी आहे; आकसून फिकट होत असतील तर जास्त.

बांधणीकडे वळू. बारा-बारा एलईडींच्या दोन माळा करा, प्रत्येक माळ एकसर जोडणीत. पहिल्या माळेत बाराही रॉयल ब्लू. दुसरीत सहा पांढरे, ४७० नॅनोमीटरचे चार निळे आणि ४२०चे दोन जांभळे. प्रत्येक माळेला स्वतंत्र, डिमिंगची सोय असलेला कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे करंट ठरावीक ठेवणारा वीजपुरवठा: ५०० मिलिअँप, आउटपुट ३० ते ४८ व्होल्ट, इनपुटपासून आयसोलेटेड. बारा एलईडींना साधारण ३८ ते ४० व्होल्ट लागतात, तेव्हा हा पल्ला बसतो. साधा ठरावीक व्होल्टेजचा अडॅप्टर चालत नाही. एलईडीवर ०.२ व्होल्ट वाढले तर करंट दुपटीकडे जातो, आणि गरम झालेला एलईडी त्याच व्होल्टेजला आणखी जास्त करंट ओढतो. मग तो अजून तापतो, अजून ओढतो आणि जळतो.

एलईडींची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक म्हणून ३० बाय १५ सेंटिमीटरचा, उभ्या पात्यांचा (फिनचा) ॲल्युमिनियम सेक्शन घ्या. मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधून कापून, भोकं पाडून, आटे मारून घेता येईल. एलईडी सहा-सहाच्या चार ओळींत, रंग एकमेकांत मिसळून लावा; सगळे निळे एका बाजूला गेले की वाळूवर रंगांचे पट्टे दिसतात. एलईडीच्या टोकांना शिसं आधीच चढवून ठेवा, कारण स्टार प्लेट (एलईडीखालची धातूची छोटी चकती) हीटसिंकवर बसली की ती सोल्डरिंग आयर्नची उष्णता ओढून घेते आणि जोड कच्चा राहतो. थर्मल पेस्टचा थर पातळ हवा. एम-३ स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घाला. धातूचं डोकं सोल्डरला टेकलं की हीटसिंकवर करंट उतरतो. वीज देण्याआधी प्रत्येक जोड आणि हीटसिंक यांच्यात मल्टिमीटरचा बझर वाजत नाही ना, ते तपासा. ड्रायव्हर चालू असताना माळ जोडू नका. रिकाम्या ड्रायव्हरच्या टोकांवर व्होल्टेज चढून बसलेलं असतं, ते पहिल्या क्षणाला एलईडी मारतं.

दिवा पाण्यापासून २०-२५ सेंटिमीटर वर टांगा, खाली ३ मिलिमीटरचा पारदर्शक ॲक्रिलिक लावा. त्यावर मिठाची साय धरते आणि उजेड खाते. आठवड्याला आरओच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. ड्रायव्हर टाकीच्या वर कधीही ठेवू नका. वायरला बोर्डापर्यंत जाण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. अर्थिंग आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) यांत तडजोड नको, खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं.

हा सगळा हिशेब मशरूम, झोआ, लेदर अशा मऊ प्रजातींचा आहे. दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणं हा गुन्हाच. दुकानातून घेतानाही प्रजातीचं नाव आणि कागदपत्रं मागा.

टाकी ईशान्येला ठेवली की भरभराट होते असं सांगणारे भेटतील. प्रवाळाला दिशा कळत नाही. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन मात्र कळतं: काचेवर शेवाळ माजतं आणि पाणी तापतं. आतल्या भिंतीलगतची, मजबूत फरशीवरची जागा बघा.

निळी माळ दहा तास, दुसरी, पांढऱ्या एलईडींची, मधले सहा तास पुरे. सांगलीच्या मे महिन्यात ही वेळ संध्याकाळी चार ते रात्री दोन अशी सरकवा, म्हणजे दिव्याची उष्णता दुपारच्या उष्णतेत भर घालणार नाही. पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं आहे. पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे त्यासाठी बरंच काम करतात: एक लिटर पाणी उडालं की टाकीचं पाणी साडेचार अंशांहून थोडं जास्त थंड होईल इतकी उष्णता निघून जाते. मीठ मागेच राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज आरओचं गोडं पाणीच घालायचं. पावसाळ्यात हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावतं. तेव्हा थर्मामीटर बघून पांढरी माळ दोन तासांनी कमी करा.