‘सांगे’ तालुका की क्रियापद? गोव्यातील मराठी बातम्यांच्या संगणकीय वाचनाची पार्श्वभूमी

बातमीला आपोआप टॅग लावणे, जुन्या अंकांत शोध घेणे, कोकणी निवेदनाचे मराठी करणे, ध्वनिमुद्रणावरून मजकूर उतरवणे ही कामे आज गोव्यातल्या छोट्या मराठी पोर्टललाही जमण्यासारखी आहेत. ती अडतात तेव्हा दोष नव्या एआय मॉडेलला दिला जातो. बऱ्याचदा तो तीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टांत असतो.

१९९१ मध्ये भारतीय लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याचे भारतीय मानक म्हणून ‘इस्की’ (आयएस १३१९४) आले आणि त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही. युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा तक्ता इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतला होता. दैनिकांच्या पानजुळणीत मात्र श्रीलिपीसारखे फॉन्ट रुळले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. छापील पानाचे काही बिघडत नव्हते. मराठी संकेतस्थळे निघाली तीही याच फॉन्टांवर. वाचकाने आधी फॉन्ट उतरवून घ्यायचा, आणि शोधयंत्राला ‘पणजी’ ही इंग्रजी चिन्हांची निरर्थक माळ दिसायची. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी युनिकोड आला, तरी जुने संग्रह होते तसेच राहिले.

हे संग्रह युनिकोडमध्ये आणताना ठरावीक चुका होतात. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशीच, अक्षराच्या आधी साठवलेली असते. ‘डिचोली’त ती ‘ड’च्या पुढे न्यावी लागते. जोडाक्षर असेल तर अख्खे जोडाक्षर ओलांडून. रफार याच्या उलट: तो अक्षरानंतर असतो, मागे आणावा लागतो. शिवाय ‘ग’, ‘ण’ अशी अक्षरे अर्धे अक्षर अधिक उभा दंड अशी दोन तुकड्यांची असल्याने जोडणी हुकली की अक्षर मोडके उरते. म्हणून रूपांतरानंतर लगेच एक चाळणी लावावी: शब्दाच्या सुरुवातीला सुटी मात्रा किंवा एका अक्षरावर दोन वेलांट्या दिसल्या की ती ओळ बाजूला काढायची.

युनिकोड आले तरी एकच शब्द दोन रीतींनी साठवला जातोच. ‘कळंगुट किनाऱ्यावर’ यातला अर्धा र कुणी ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितो, कुणी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. ‘ॲड.’मधले ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये आले. त्याआधीच्या बातम्यांत ते ‘अ’ आणि अर्धचंद्र असे दोन भागांत आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते, शोधात मात्र निम्म्या बातम्या निसटतात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची युनिकोडची ठरलेली रीत, म्हणजे एनएफसी प्रमाणीकरण, हे दोन्ही प्रकार एकत्र आणत नाही, त्यामुळे ते नियम हाताने लिहावे लागतात. तिसरा प्रकार अनुस्वाराचा. १९६२ पासून निघणाऱ्या दैनिकाचे नाव ‘गोमन्तक’, शोधणारा टाइप करतो ‘गोमंतक’. अनुनासिकाचा अनुस्वार करताना पुढे त्याच वर्गातले पहिल्या चारांपैकी व्यंजन आहे ना, हे तपासावे. नाहीतर ‘अन्न’चे ‘अंन’ होते. आणि हे बदल फक्त शोधसूचीत करावेत, छापलेल्या मजकुराला हात लावू नये.

पुढची पायरी नावे ओळखण्याची, आणि गोव्यात खरी मजा इथेच आहे. ‘पणजी’ राजधानी आणि आजीची आई, ‘साखळी’ डिचोली तालुक्यातले शहर आणि गळ्यातली, ‘सत्तरी’ तालुका आणि वय, ‘सांगे’ तालुका आणि क्रियापद. सोन्याची साखळी हिसकावल्याची बातमी डिचोली तालुक्याच्या पानावर जाऊन बसते ती यामुळे. त्यात मराठीचे सामान्यरूप: ‘पेडणे’चे ‘पेडण्यात’, ‘फोंडा’चे ‘फोंड्यातील’, ‘म्हापसा’चे ‘म्हापशाहून’. नुसता प्रत्यय छाटला तर ‘म्हापशा’ उरते, आणि ते कोणत्याच यादीत नसते. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने २०२२ मध्ये महानेर हा २५,००० वाक्यांचा, आठ प्रकारची नावे खुणावलेला संच खुला केला. तो उपयोगी आहेच. पण गोव्याच्या गावांसाठी हाताने केलेली यादी अजूनही सरस ठरते, कारण ती आटोपशीर आहे: १२ तालुके, ४० मतदारसंघ, १९१ ग्रामपंचायती. प्रत्येक नावापुढे त्याची विभक्तिरूपे आणि शेजारी येऊ नयेत असे शब्द (‘सत्तरी’ला ‘ओलांडली’, ‘साखळी’ला ‘उपोषण’) लिहून ठेवायचे. म्हादई, महादयी अशी पर्यायी रूपे त्याच नोंदीत.

कोकणीचा प्रश्न याहून नाजूक. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीलाही वाव राहिला, म्हणजे एकाच लिपीत दोन भाषांचा मजकूर रोज येतो. ‘आसा’ आणि ‘आहे’, ‘आनी’ आणि ‘आणि’ यांवरून लांब मजकुराची भाषा सहज ठरते. चार शब्दांच्या मथळ्याची ठरत नाही, आणि मराठी बातमीत कोकणी अवतरण असेल तर भाषा वाक्यागणिक तपासावी लागते. प्रतिक्रियांचा कल मोजताना तर हे फारच महागात पडते. ‘रस्तो बरो ना’ म्हणजे रस्ता चांगला नाही. मराठीवर शिकलेले यंत्र शेवटचा ‘ना’ लाडिक समजून तक्रारीची स्तुती करून टाकते.

साधनेही दोन्ही भाषांना एका वेळी मिळाली नाहीत. गूगल भाषांतरात मराठी २०१३ मध्ये आली, कोकणी २०२२ मध्ये, आणि तीही समांतर वाक्यांच्या जोड्यांशिवाय, केवळ एकभाषी मजकुरावरून शिकवलेली. २०१८ च्या बहुभाषी बर्ट या भाषा-मॉडेलच्या १०४ भाषांत मराठी आहे, कोकणी नाही. दरम्यान गोवा विद्यापीठात कोकणी वर्डनेट (शब्दांचे अर्थसंबंध नोंदवणारा कोश) घडले आणि २०२३ च्या इंडिकट्रान्स२ या भाषांतर-मॉडेलमध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषा आल्या. ध्वनीच्या बाबतीत ही दरी अजून रुंद आहे. २०२२ मध्ये आलेल्या, बोलणे मजकुरात उतरवणाऱ्या व्हिस्पर मॉडेलच्या भाषायादीत कोकणी नाही. कोकणी भाषण दिले की त्याला यादीतलीच एखादी भाषा निवडावी लागते, आणि मग शब्दही त्या भाषेच्या साच्यात पडतात. विधानसभेत एकाच चर्चेत कोकणी, मराठी, इंग्रजी येतात, तेव्हा ध्वनिफीत आधी वक्त्यानुसार कापावी, मराठी आणि इंग्रजी तुकडे यंत्राला द्यावेत आणि कोकणी तुकडे सरळ माणसाकडून टाइप करून घ्यावेत. यंत्राची कोकणी दुरुस्त करण्यापेक्षा ते लवकर होते.