शोधनिबंधांतील प्रतिमांचे फेरफार : काही मागील नोंदी

मार्च १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत त्वचारोपणावर काम करणारे विल्यम समरलिन दोन पांढरे उंदीर घेऊन संचालक रॉबर्ट गुड यांच्या भेटीला निघाले आणि वाटेतच त्यांनी उंदरांच्या अंगावरचे रोपण केलेले त्वचेचे तुकडे पेनाने काळे करून घेतले. काळ्या उंदराची कातडी पांढऱ्याच्या अंगावर टिकते, हे त्यांना दाखवायचे होते. उंदरांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने अल्कोहोल लावून पुसले, तेव्हा शाई निघाली आणि प्रकरण उघडकीस आले.

१९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले आणि शाईची गरज उरली नाही. जीवशास्त्रात याचा सर्वाधिक फटका बसला तो वेस्टर्न ब्लॉटला. या पद्धतीत पेशींतील प्रथिने विजेच्या साहाय्याने जेलमधून सरकवून आकारानुसार वेगळी करतात, एका पटलावर उतरवतात आणि प्रतिपिंडांच्या मदतीने हेरतात. अखेरीस हाती येतात त्या राखाडी पृष्ठभागावरच्या काही आडव्या काळ्या पट्ट्या. (नावाचा पश्चिमेशी संबंध नाही, एडविन सदर्न यांच्या आडनावावरून डीएनएच्या पद्धतीला ‘सदर्न ब्लॉट’ हे नाव पडले, त्यावरची (सदर्न म्हणजे दक्षिणेकडचा) ही कोटी आहे.) पट्टी जितकी गडद, तितके प्रथिन जास्त. मात्र या पट्ट्या एकमेकींसारख्याच दिसतात, त्यामुळे एका प्रयोगातली पट्टी उचलून, उलटी करून दुसऱ्या प्रयोगाच्या नावावर खपवली, तर परीक्षकाला ती सहसा ओळखू येत नाही.

संपादकांना याचा सुगावा लागला तोही योगायोगाने. २००२ मध्ये ‘जर्नल ऑफ सेल बायोलॉजी’चे व्यवस्थापकीय संपादक माइक रॉसनर चुकीच्या स्वरूपात आलेली एक फाइल छपाईसाठी दुरुस्त करत होते, तेव्हा काही निवडक पट्ट्यांचाच गडदपणा बदललेला त्यांच्या लक्षात आला. तेव्हापासून त्या नियतकालिकाने स्वीकारलेल्या प्रत्येक निबंधातील प्रतिमा तपासायला सुरुवात केली. संपूर्ण चित्राची उजळता एकसारखी बदलणे चालेल, पण त्यातील एखादाच भाग ठळक करणे, झाकणे, हलवणे, पुसणे किंवा नव्याने घालणे चालणार नाही, असा नियम त्यांनी घालून दिला. सुमारे एक चतुर्थांश निबंधांत निदान एक तरी आकृती या नियमात बसत नसे, आणि निष्कर्षालाच धक्का लावणारे फेरफार सुमारे एक टक्का निबंधांत सापडत. बहुतेकांना आपण काही गैर केले आहे असे वाटतही नव्हते, हे मला त्या आकड्यांपेक्षा अधिक बोलके वाटते.

अशी लबाडी पकडली जाते ती बहुधा पट्टीमुळे नव्हे, तर तिच्या भोवतीच्या कचऱ्यामुळे. फेरफार करणाऱ्याचे लक्ष पट्टीवर असते. कडेचा डाग, धुळीचा कण, पटलावरचा ओरखडा तो तसाच सोडतो, आणि दोन वेगळ्या प्रयोगांत एकच ओरखडा नैसर्गिकपणे उमटत नाही. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक शॉन यांचे बिंग २००२ मध्ये फुटले, तेव्हा प्रश्न छायाचित्रांचा नव्हता, आलेखांचा होता, पण खूण तीच : वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतील बारीकसारीक यादृच्छिक चढउतार हुबेहूब सारखे निघाले. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांच्या मूलपेशींवरील निबंधातही पेशींच्या एकाच समूहाची छायाचित्रे निरनिराळ्या नावांनी छापलेली आढळली. ‘सायन्स’ने त्यांचे दोन्ही निबंध जानेवारी २००६ मध्ये मागे घेतले.

पुण्यालाही हा वाद नवा नाही. तेथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आलेला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निबंध ब्लॉटच्या प्रतिमा आधीच्या निबंधातून पुन्हा वापरल्याच्या आरोपानंतर ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ने २००७ मध्ये मागे घेतला, तर जैवरसायनशास्त्रज्ञ जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रयोगशाळेला निर्दोष ठरवले. तेच पुरावे पाहून नियतकालिक आणि समिती परस्परविरुद्ध निष्कर्षांवर पोहोचल्या, तेव्हा अंतिम निवाडा कोणी करायचा, याची ठरलेली व्यवस्था आपल्याकडे नव्हती.

या दुखण्याचा आवाका २०१६ मध्ये स्पष्ट झाला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक यांनी ४० नियतकालिकांतील २०,६२१ निबंध साध्या नजरेने चाळले आणि ३.८ टक्के निबंधांत संशयास्पद आकृत्या आढळल्याचे सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. त्यांतल्या किमान निम्म्या प्रकरणांत हेतुपुरस्सर फेरफाराची चिन्हे होती.

तरीही चूक दिसणे आणि निबंध मागे घेतला जाणे यांत वर्षे जातात. अल्झायमर्सबाबत मिनेसोटा विद्यापीठातून आलेला आणि ‘नेचर’मध्ये २००६ साली छापलेला निबंध सुमारे अडीच हजार वेळा उद्धृत झाला. त्यातील ब्लॉटबद्दलचे मेंदूविज्ञान संशोधक मॅथ्यू श्रॅग यांचे आक्षेप २०२२ मध्ये जाहीर झाले आणि निबंध मागे घेतला गेला जून २०२४ मध्ये, म्हणजे प्रसिद्धीनंतर १८ वर्षांनी.

जानेवारी २०२४ पासून ‘सायन्स’ समूहाची नियतकालिके प्रतिमांची पुनरावृत्ती हुडकण्यासाठी सॉफ्टवेअर वापरू लागली आहेत. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या ब्लॉटमध्ये डाग आणि ओरखडेही दरवेळी नवे असतात. कोठून तरी उचललेले काही नसतेच, त्यामुळे जुळवून पाहायला मूळ चित्रही नसते. म्हणून आता छापील आकृतीबरोबर यंत्रातून निघालेली मूळ, न कापलेली फाइलही मागण्याकडे अनेक संपादकांचा कल वाढतो आहे.