कार्बोरेटर खोकतोय की सायलेन्सर फटके मारतोय?

“गाडी फायरिंग करतेय,” एवढंच सांगून आपण जुनी प्रीमियर पद्मिनी गॅरेजात सोडतो. मेकॅनिक कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, खोलतो, त्यातला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट फुंकून साफ करतो, स्लो, म्हणजे पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग, बसवून देतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. यात मेकॅनिकपेक्षा आपल्या तक्रारीचा दोष जास्त असतो, कारण ‘फायरिंग’ या एकाच शब्दात आपण दोन आजार कोंबतो. एक आवाज बॉनेटखालून येतो, एअर फिल्टरच्या डब्यातून, शिंकल्यासारखा ‘फट्’. दुसरा मागून येतो, सायलेन्सरच्या नळीतून, रस्त्यावरची माणसं दचकून वळतील असा ‘धडाम्’. पहिल्यात बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडत असतं. दुसऱ्यात पेट्रोल भरपूर असतं, पण ते सिलिंडरमध्ये जळतच नसतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या मुंबईत इतक्या होत्या, की नाक्यावरचा टॅक्सीवाला नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता तो कान ज्याच्या घरी गाडी आहे त्यालाच कमवावा लागणार.

आधी पुढचा आवाज घेऊ. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात, किंवा चार स्ट्रोकच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत, धूर बाहेर सोडणारा एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता मिटायच्या आत मिश्रण आत घेणारा इनटेकचा व्हॉल्व्ह उघडू लागतो. क्षणभर दोन्ही दारं उघडी असतात. मिश्रण बरोबर असेल तर तोवर आतलं जळण संपलेलं असतं. पण हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण लीन झालं, की ते रेंगाळत जळतं. ती ज्योत इनटेकचं दार उघडेपर्यंत टिकली तर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत, आलेलं ताजं मिश्रण पेट घेतं आणि कार्बोरेटर खोकतो. म्हणूनच थंड इंजिन चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा नॉब, न ओढता पळवलं की ते खोकतं. मेन जेटमध्ये कचरा अडकला तरी खोकतं. पाय एकदम दाबल्यावरच खोकत असेल तर कार्बोरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, बघावा. जेट स्वच्छ असूनही थांबत नसेल तर कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट किंवा मॅनिफोल्डचा सांधा बाहेरून हवा खेचतोय. इंजिन स्लोवर ठेवून त्या सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर सांभाळून. आवाज बदलला ती जागा गळकी.

हल्ली या खोकल्याला एक नवं कारण मिळालंय, आणि जुन्या गाड्या जपणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. दोन्हींच्या या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. आपल्या सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र आहे तेवढंच राहतं. म्हणजे काहीही न बिघडता, नुसती टाकी भरल्यावर, इंजिन लीन होतं. ज्याचं सेटिंग आधीच काठावर होतं ते खोकायला लागतं. अशा वेळी मेन जेट एक नंबर मोठा घालणं हा खरा इलाज आहे. जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रामही त्याच वेळी बदला. इथेनॉल त्यांना फुगवतं, कडक करतं.

आता सायलेन्सर. तिथे फटका बसायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: न जळलेलं पेट्रोल, ताजी हवा आणि तापलेली नळी. पेट्रोल न जळता बाहेर पडतं ते बहुधा ठिणगी चुकल्यामुळे. प्लग काळा पडलाय, ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या सीबी पॉइंटची गॅप मिटलीय, डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर हलताना तुटतेय, ठिणगीचं टायमिंग मागे गेलंय, असं काहीतरी. चोक अडकून मिश्रण फार रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, झालं तरी तेच होतं. फटका उतारावर पाय काढल्यावरच येत असेल तर मात्र एग्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि सायलेन्सरची भोकं आधी तपासा. तिथून हवा आत शिरते आणि उरलेलं मिश्रण नळीतच पेटतं. उतारावर पेट्रोल वाचवायला गिअरमध्येच किल्ली बंद करून गाडी सोडायची सवय असेल तर ती आजच सोडा. इंजिन न पेटलेलं पेट्रोल नळीत ढकलत राहतं आणि किल्ली फिरवल्याबरोबर सायलेन्सर फाटतो.

हा फरक मला कळला तो कशेडी घाटात. मे महिना, गाडीत आई-बाबा आणि दोन लहान भाचरं. अर्ध्या तासाच्या चढणीनंतर गाडी मिसिंग करू लागली, मागून दोन फटके बसले आणि बंद पडली. बाबा म्हणाले, “व्हेपर लॉक झालाय, पाइपात पेट्रोलची वाफ झालीय, इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला फडका टाक.” टाकला. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली आणि श्रेय फडक्याला मिळालं. त्यानंतर दोन वर्षं आम्ही फडके टाकत होतो. पेट्रोल पंपही नवा बसवला. दुखणं होतं सीबी पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरचं, म्हणजे ठिणगीच्या बाजूचं. तो तापला की आतून दगा द्यायचा, थंड झाला की सुधारायचा. फडका नसता तरी वीस मिनिटांनी गाडी सुरू झालीच असती. खूण आम्ही त्या दिवशीच ऐकली होती: फटके मागून आले होते. व्हेपर लॉकमध्ये पेट्रोल पोहोचतच नाही, मग सायलेन्सरमध्ये पेटायला उरणार काय? तेव्हा इंजिन पुढून खोकतं, ओढ संपते आणि विझतं. तापून बंद पडणाऱ्या गाडीत एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ खर्च वाचतो. बदलीचा कंडेन्सर बसवल्यावर जुना लगेच फेकू नका, नवेही खराब निघतात.

खात्री करायची असेल तर चोक वापरा. गरम इंजिन अडखळत असताना नॉब थोडासा ओढा. सुधारलं तर मिश्रण लीन होतं. आणखी बिघडलं तर ते आधीच रिच आहे. काहीच फरक पडला नाही तर करंटकडे वळा. मग चारही प्लग काढून क्रमाने मांडा. पांढरटफटक म्हणजे लीन, कोरडी काजळी म्हणजे रिच, पेट्रोलने ओला म्हणजे तिथे ठिणगी नाही, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. पावसाळ्यात रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर निदान झालंच.

ही चाचणी चालू असताना एअर फिल्टर काढून कार्बोरेटरवर वाकून बघू नका. आणि रस्त्यात बंद पडलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये बाटलीतून पेट्रोल ओतत कोणी स्टार्टर मारायला सांगत असेल तर त्याला थांबवा. त्या खोकल्यातून खरा जाळ बाहेर येतो.

पुढचा आवाज म्हणजे पेट्रोल आणि मागचा म्हणजे करंट, हा हिशेब जिथे चुकतो अशा जागा थोड्या आहेत. सर्व्हिसिंगनंतर लगेच गाडी पुढून-मागून दोन्हीकडे फटके मारायला लागली तर प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्यात. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, तो बोटाने मोजून बघा. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला तडा असेल तरी करंट भलत्याच सिलिंडरला जातो. खोकला वेगाशी जुळून, ठरावीक लयीत, न चुकता येत असेल तर मिश्रण सोडून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट, बघा. घट्ट टॅपेटमुळे इनटेकचा व्हॉल्व्ह मिटत नसेल तर आवाज पुढे येतो, एग्झॉस्टचा जळला असेल तर मागे.

हे सगळं करूनही इंजिन थरथरत असेल तर एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाताना होणारा दाब, मोजा. शेजारशेजारच्या दोघांचा आकडा एकदमच पडलेला असेल तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट गेलंय. तशी गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नका. त्या फटीतून जाणारा जाळ हेडचं ॲल्युमिनियम खात जातो.