भावना बाजूला ठेवल्या तर ठरवणार कसं?

"भावना बाजूला ठेव आणि डोकं वापरून ठरव" हे वाक्य दहावीनंतर सायन्स की कॉमर्स इथपासून ते लग्नाच्या स्थळापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. परवा भाचीला कोणीतरी हेच सांगत होतं आणि मला राहवलं नाही, कारण मेंदू असा चालतच नाही.

अँटोनियो दमासिओ या न्यूरॉलॉजिस्टकडे एक पेशंट होता. कपाळामागचा, डोळ्यांच्या वरचा मेंदूचा भाग (व्हीएमपीएफसी म्हणतात त्याला) इजा झालेला, पण बुद्धी आणि बोलणं शाबूत. पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या तर हा डायरी काढून जवळजवळ अर्धा तास दोन्हींचे फायदेतोटे सांगत बसला, आधीची कामं, हवामान, सगळं, आणि तरी ठरेना!

मग अमेरिकेतल्या आयोवामधल्या त्यांच्या टीमने 1994 मध्ये पत्त्यांचा एक खेळ मांडला, तो मला फार आवडतो. पत्त्यांचे चार गठ्ठे. दोन गठ्ठ्यांत दर पत्त्याला 100 डॉलर (खेळातले) मिळतात पण मध्येच असा दंड बसतो की 10 पत्त्यांमागे 250 चा तोटा, बाकी दोनांत फक्त 50 मिळतात पण 10 पत्त्यांमागे 250 चा फायदा. हे आधी कोणाला सांगत नाहीत. खेळताना हाताच्या त्वचेचा विद्युतवहनाचा आलेख घेतात, म्हणजे घामाच्या ग्रंथी किंचित जरी जाग्या झाल्या तरी कळतं. तर साधारण 10 पत्त्यांनंतरच निरोगी लोकांचा हात वाईट गठ्ठ्याकडे जाताना आलेख उसळायला लागला, आणि "इथे काहीतरी गडबड आहे" असं ते तोंडाने म्हणाले 50 व्या पत्त्याच्या आसपास! दमासिओंच्या मते आधीच्या फटक्याची शरीरातली खूण व्हीएमपीएफसी पुन्हा जागी करतो, त्यामुळे नको तो पर्याय विचार करायच्या आधीच मागे पडतो.

यावर वाद आहे. 2004 मध्ये माइया आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी याच खेळात नीट खोदून प्रश्न विचारले तर लोकांना बरंच आधी कळलेलं असतं असं दिसलं. म्हणून "आतला आवाज कधी चुकत नाही" असले कोर्स विकणाऱ्यांना आणि डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनवाल्यांना यातून काही आधार मिळत नाही, मुलांचे पैसे त्यात घालू नका. खूण अनुभवातून तयार होते, आधी फटका बसावा लागतो.

त्याच खेळात व्हीएमपीएफसीला इजा झालेल्यांचा आलेख मात्र पत्ता उचलण्याआधी सपाटच राहिला. त्यातल्या काहींना कुठले गठ्ठे वाईट हे शेवटी बरोब्बर सांगता आलं, आणि तरीही ते त्याच गठ्ठ्यांतून पत्ते उचलत राहिले.