नागपूरचा कूलर दुबईत का चालत नाही, आणि बाबागाडीतल्या बाळाचा त्याच्याशी काय संबंध

मागच्या आठवड्यात नागपूरच्या मामेबहिणीचा फोन आला. ऑगस्टमध्ये ती सात महिन्यांच्या लेकीला घेऊन महिनाभर नवऱ्याकडे दुबईला चाललीय. मी म्हटलं, अगं ऑगस्टमध्ये? तर म्हणाली, "ताई, आम्ही मे महिन्यात ४५ डिग्रीत लग्नं लावतो, आम्हाला नको सांगू उन्हाचं." तिच्या नागपूरकर सहनशक्तीबद्दल मला शंका नाही, पण हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण थर्मामीटरवरचा आकडा सारखा असला तरी दोन्हीकडचा उकाडा सारखा नसतो.

दोन वर्षांपूर्वी मी नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन ऑगस्टमध्येच दुबईतल्या करामा भागात भावाकडे राहिले होते. पहिल्या दिवशी सूर्य मावळल्यावर, आता जरा गार झालं असेल म्हणून मॉलमधून बाहेर पडलो, आणि दार उघडल्याबरोबर चष्म्यावर पांढरी वाफ धरली, समोरचं काही दिसेना. चष्मा पुसून खाली बघते तर बाबागाडीच्या दांडीवर पाण्याचे थेंब आणि बाळाची बाटली फ्रिजमधून आत्ता काढल्यासारखी ओलीचिंब. वाळवंटातल्या शहरात हे पाणी आलं कुठून?

आलं समुद्रातून. पर्शियन आखात अगदी उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, त्यामुळे उन्हाळ्यात ते तव्यासारखं तापतं आणि पाण्याचं तापमान ३२-३४ अंशांपर्यंत जातं. एवढ्या गरम पाण्यावरून येणारी हवा वाफेने गच्च भरलेली असते. ८ जुलै २००३ला सौदी अरेबियातल्या धाहरानला दवबिंदू ३५ अंश नोंदवला गेला, म्हणजे ३५ अंशांच्या कुठल्याही वस्तूवर तिथे दव पडलं असतं, आणि घामाने भिजलेली आपली कातडीही साधारण तेवढ्याच तापमानाची असते!

आता माझा आवडता भाग, जरा सावकाश वाचा. हवा अंगापेक्षा गरम असली की शरीराकडे उष्णता बाहेर टाकायचा एकच रस्ता उरतो, घाम वाळणं. नुसता घाम येऊन काही होत नाही, तो वाळला पाहिजे, कारण एक लिटर घाम वाळताना अंगातून साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच घाम कपाळावरून ओघळून खाली पडला तर जवळपास काहीच नेत नाही. वाळायचा वेग ठरतो कातडीजवळच्या आणि हवेतल्या वाफेच्या दाबातल्या फरकावर. ३५ अंशांच्या ओल्या कातडीजवळ हा दाब साधारण ५६ मिलिबार (हवेचा दाब मोजायचं एकक) असतो. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर हवेतल्या वाफेचा दाब १४ मिलिबार, म्हणजे फरक ४२. दुबईत ऑगस्टच्या संध्याकाळी ३६ अंश आणि ६५ टक्के धरा, हवेतला दाब ३९ मिलिबार, फरक फक्त १७. तापमान आठ अंशांनी कमी आणि तरी घाम वाळवायची हवेची ताकद निम्म्याहूनही कमी.

हेच मोजायला वेट बल्ब तापमान वापरतात. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून हवेशीर ठेवायचं, पाणी वाळत वाळत पारा जिथे थांबेल ते हवेचं वेट बल्ब. वरच्या आकड्यांत नागपूरचं येतं २३ च्या आसपास आणि दुबईचं ३०. वाळ्याचे पडदे लावलेला कूलर हवेला फार फार तर वेट बल्बपर्यंत गार करू शकतो, त्यापुढे नाही. म्हणून तो विदर्भात जीव वाचवतो, मुंबईत नुसती दमट हवा फेकतो आणि दुबईत संध्याकाळी बिनकामाचा. माठाचंही तेच. एसी नव्हते तेव्हा किनाऱ्यावरची बरीच कुटुंबं उन्हाळ्यात समुद्रापासून आत वाळवंटात असलेल्या अल ऐन आणि लिवाच्या खजुराच्या बागांकडे जायची. ऊन तिथे जास्त असेल, पण हवा कोरडी.

आता यात बाळ ठेवा. साडेतीन किलोच्या बाळाला किलोमागे जेवढी कातडी असते ती मोठ्या माणसाच्या जवळजवळ अडीचपट. चमच्यातला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो ना, तेच इथे उलटं होतं, गरम हवेत बाळ आपल्यापेक्षा पटकन तापतं. त्यात बाळाच्या घामाच्या ग्रंथी अजून पुरत्या कामाला लागलेल्या नसतात. आणि डोकं! मोठ्या माणसाच्या कातडीचा ९ टक्के भाग डोक्याचा, तान्ह्या बाळाचा १८ टक्के, आणि आपण नेमकं तिथेच टोपडं घट्ट बांधतो. मॉलच्या एसीत टोपडं, मोजे, दुपटं सगळं ठीक, पण बाहेर पडायच्या आधी ते उतरवायचं, उन्हात सावलीपुरती काठाची सैल टोपी पुरते.

बाबागाडीवर ओढणी टाकायची सवय तर मला सगळ्यात धोकादायक वाटते. मीही टाकली होती, ऊन लागू नये म्हणून. पाचेक मिनिटांनी आत हात घातला तर इडलीपात्राचं झाकण उघडल्यासारखा वाफारा आला, मुलाची मान घामाने निथळत होती, गाल लालबुंद. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी हे उन्हात बाबागाड्या ठेवून मोजलंय. कोरड्या कापडाने झाकलं तर आतलं तापमान जवळपास चार अंशांनी वाढलं, ओलं मलमल आणि छोटा पंखा लावला तर सुमारे पाचने उतरलं. पण म्हणून दुबईतही ओलं फडकं टाकून निर्धास्त होऊ नका, तिथे ते फार तर वेट बल्बपर्यंतच गार होणार आणि वर आतली हवा अजून दमट होणार, म्हणजे बाळाचा घाम आणखी वाळेनासा. गाडीचं छत पुढे ओढा, कडा उघड्या ठेवा, आणि दर पाच मिनिटांनी मानेला हात लावून बघा.

नुसते क्लिपवाले पंखे 'बेबी कूलिंग' म्हणून विकतात त्यांच्या जाहिरातींवर जाऊ नका, ४२ अंशांची हवा घाम न येणाऱ्या अंगावर सोडली तर अंग तापतंच. आणि बाळ मलूल पडलं की नजर लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळत बसणं, हे मी दुबईच्या फ्लॅटमध्येसुद्धा पाहिलंय. उष्माघातात ती दहा मिनिटं फार महाग पडतात. एसीतून बाहेर गेल्याने सर्दी होते हेही सोडून द्या, सर्दी विषाणूंमुळे होते.

बहिणीला मी सांगितलं ते एवढंच. मध्य जून ते मध्य सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन यूएई सरकार मोठ्या माणसांनाही उन्हात कामाला लावू देत नाही, तेव्हा त्या वेळात तू बाळाला घेऊन रस्त्यावर दिसता कामा नये. मेट्रोने फिर, स्टेशनं आणि पादचारी पूल एसी आहेत, बायकामुलांचा डबा वेगळा आहे. टॅक्सीत मांडीवर नको, २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला कारसीट बंधनकारक आहे, आणि उन्हात उभ्या गाडीची सीट नि धातूचं बकल आधी हाताने तपास. बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही, त्यामुळे 'पटकन भाजी घेऊन येते' हे नाहीच. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, आईच्या दुधातच ८७ टक्के पाणी असतं, ते जास्त वेळा पाजायचं, तुझी सातची आहे म्हणून मधूनमधून घोट घोट पाणी चालेल. आणि डायपर मोज, सहा-सात तास कोरडा राहिला, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यात पाणी नाही, तर डॉक्टर गाठ. हाक मारली तरी बघत नसेल किंवा अंग भाजत असेल तर तिथल्या ॲम्ब्युलन्सच्या ९९८ नंबरला फोन कर, तोपर्यंत एसीत नेऊन कपडे काढ, अंग सतत ओलं करत राहा आणि वारा घाल.